चिंचोक्यांचा हिशेब

नववीच्या हजेरीपटात एका मुलीच्या नावापुढे दर तिसऱ्या दिवशी उशिराची खूण पडायची. दोनदा मी तिला वर्गासमोर बोलले. तिसऱ्यांदा ती दारातच थांबली आणि खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, आज आमच्या लाइनले नळ होते." मी तिला आत घेतलं आणि नेहमीप्रमाणे धडा पुढे सुरू केला. त्या दिवशी पाठ्यपुस्तकात पाण्याचाच धडा होता.

मी मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मंगरूळपीर बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं ते दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे आणि बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेमुळे. इथे राहणाऱ्यांचं वर्ष जातं सोयाबीन, तूर, हरभरा आणि पाणी यांच्या हिशेबात. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. 2018 साली तो देशातल्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आला. तेव्हापासून आरोग्य, पोषण, शिक्षण, शेती, पाणी असे जिल्ह्याचे आकडे दर महिन्याला वर जातात आणि त्यावरून जिल्ह्याचा क्रमांक ठरतो. ते आकडे ज्यांच्या घरातून गोळा होतात, त्यांच्या ओसरीवर बसून कुणी ते वाचून दाखवल्याचं मात्र मी आमच्या गावात पाहिलं नव्हतं. आपल्याबद्दल काय लिहिलं गेलं, हे गावाला माहीतच नसायचं. पुढे मुलांनी जे काम केलं, त्याचं सगळं सार या एका गोष्टीत होतं. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहे. त्यात उपक्रम असतात, प्रकल्प असतो. आमच्याकडे तो प्रकल्प म्हणजे बाजारातून आणलेली चित्रं, रंगीत कागद आणि "पाणी हेच जीवन" अशी मोठ्या अक्षरांतली पाटी. राज्यशास्त्राचंही तसंच. चाळीसपैकी बारा गुणांचा विषय, धडे पाठ करायचे आणि पेपरात लिहून यायचं. वर्गातल्या एकाही मुलाने ग्रामसभा पाहिलेली नव्हती. त्या मुलीच्या उशिरानंतर मी वर्गाला विचारलं, "पाण्याबद्दल तुम्हाला स्वतःला काय जाणून घ्यायचंय? पुस्तकातलं नको." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, काही घरी नळाले पाणी चांगलं येते, काही घरी गढूळ. टाकी तं एकच हाये. मंग असं काहून होते?"

याहून चांगला प्रश्न मला सुचला नसता.

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेचं काम मी थोडंफार पाहिलं होतं. 1993 पासून देशभर चालणाऱ्या या उपक्रमात दहा ते सतरा वर्षांची मुलं गट करून आपल्या परिसरातला एखादा प्रश्न अभ्यासतात. त्यातली एक गोष्ट मला नेहमी भावली होती. प्रश्न परिसरातला हवा आणि उत्तर मुलांनी स्वतः मोजून, विचारून शोधलेलं हवं. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही कामाला लागलो. वर्गाचे पाच गट केले आणि प्रत्येकाला एक भाग वाटून दिला. मुलांनी गावाचा नकाशा काढला. टाकी, विहीर, हापश्या, पाइपलाइन, व्हॉल्वचे खड्डे, नाल्या असं सगळं त्यात आलं. कुठली लाइन कुठून जाते हे शाळेत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. त्यासाठी मुलं ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या मागे फिरली.

सोबत आम्ही एक साधी तपासणी ठेवली. आरोग्य खात्याची माणसं आणि जलसुरक्षक तिला ओटी टेस्ट म्हणतात. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकली, की पाण्यात थोडा क्लोरीन उरतो. नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, त्यात ओटीचे थेंब टाकायचे. क्लोरीन उरला असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर तसंच राहतं. थेंब मी टाकायची, रंग मुलं बघायची आणि नोंदही तीच करायची. लाइनच्या अगदी शेवटच्या नळालाही किमान 0.2 पीपीएम क्लोरीन मिळायला हवा, हा नियम मुलांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता.

काम सुरू होण्याआधीच वर्गात एक निकाल लागला होता, तो म्हणजे "जलसुरक्षक पावडर टाकतच नाही." हे गावात सगळेच म्हणायचे. दोन मुलांनी तक्रारीचा मसुदाही लिहून आणला. मी म्हटलं, आधी मोजू, मग लिहू. पहिल्या नळाजवळ नळीत थेंब टाकले आणि पाणी लगेच पिवळं झालं. मधल्या गल्लीत फिक्कट पिवळं. शेवटच्या वस्तीत रंगच नाही. एका दिवसाचा योग असेल म्हणून पुढच्या चार पाळ्यांना पुन्हा पाहिलं, तेव्हाही तेच. म्हणजे पावडर पडत होती, जलसुरक्षक आपलं काम करत होता. मसुदा आणणाऱ्या मुलाने तो कागद माझ्यासमोर फाडला आणि म्हणाला, "मॅडम, आपण खोटी तक्रार केली असती." त्याला अपराधी वाटत होतं आणि मला ते वाटणं मोलाचं वाटलं. नागरिक म्हणजे तक्रार करणारा माणूस, अशी त्याची समजूत होती. तक्रार करण्याआधी खात्री करून घ्यावी लागते, ती पायरी त्याने स्वतः शोधली.

मग क्लोरीन जातो कुठे? याचं उत्तर त्याच जलसुरक्षकाने दिलं. त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्याने मुलांना एका व्हॉल्वच्या खड्ड्यापाशी नेलं. खड्ड्यात पाणी साचलेलं होतं, बाजूने नाली वाहत होती आणि जोडावर गळती होती. नळ सुरू असताना पाइपातलं पाणी दाबाने बाहेर गळतं. पाणी बंद झालं की पाइपात पोकळी होते आणि खड्ड्यातलं घाण पाणी त्याच फटीतून आत ओढलं जातं. तिसऱ्या दिवशी पाळी आली की पहिली दहा मिनिटं तेच पाणी शेवटच्या नळातून बाहेर पडतं. उरलेला क्लोरीन त्या घाणीतच संपतो. गढूळ पाण्याचं गणित तिथे त्या खड्ड्याच्या काठावर सुटलं. मुलांनी त्या जागी नकाशावर लाल गोल केला.

त्या आठवड्यात मी त्यांना लंडनची एक गोष्ट सांगितली. 1854 साली तिथल्या सोहो भागात कॉलऱ्याने शेकडो माणसं दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांचा संशय पाण्यावर होता. मृत्यू झालेली घरं त्यांनी नकाशावर मांडली, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीटच्या एका हापशीभोवती गोळा झालेली दिसली. त्या हापशीचा दांडा त्याआधीच काढण्यात आला होता. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. तिचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. हेन्री व्हाइटहेड हे त्याच भागातले तरुण धर्मगुरू. त्यांना स्नो यांचं म्हणणं पटलं नव्हतं आणि ते खोडून काढण्यासाठीच ते घरोघरी फिरले. लोक त्यांना ओळखत होते, म्हणून त्यांच्याशी मोकळं बोलले. विचारता विचारता त्यांना कळलं की हापशीला लागून असलेल्या घरात एक बाळ आजारी होतं आणि त्याच्या आईने दुपटी धुतलेलं पाणी हापशीजवळच्या शोषखड्ड्यात टाकलं होतं. साथीचं मूळ असं हाती लागलं. डॉक्टरांच्या नकाशाला वस्तीतल्या माणसाची जोड मिळाली, तेव्हा तो अभ्यास पुरा झाला. मुलं म्हणाली, आपल्याकडे नकाशा आहे, आता घरोघरी जाऊ.

इथे आमची मोठी चूक झाली, आणि तीच सगळ्यांत जास्त शिकवून गेली.

मुलांनी प्रश्नावली तयार केली. घरात माणसं किती, पाणी कोण भरतं, कुठून भरतं, किती वेळ लागतो. शाळा सुटल्यावर ती वह्या घेऊन निघायची. बायका त्या वेळी वावरात असायच्या. दारात बसलेला घरचा पुरुष उत्तर द्यायचा आणि बहुतेकांचं उत्तर एकच, "आमच्या घरी पाण्याची काही अडचण नाही." मुलांनी जशीच्या तशी उत्तरं लिहिली, बेरजा केल्या, सरासरी काढली. तक्ता नीटनेटका झाला. मलाही तो आवडला. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवता आला असता.

पण मेंढा (लेखा) या गावाची एक पद्धत माझ्या मनात घर करून होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं ते गाव. तिथे देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी मिळून अभ्यासगट चालवले. विषय समजून घ्यायला अभ्यासगट आणि निर्णय घ्यायला ग्रामसभा, तोही सगळ्यांच्या सहमतीने. या गावाने 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्यामागे असा वर्षानुवर्षांचा अभ्यास होता आणि तो गावाने गावासाठी केलेला होता. बाहेरचा कुणी येऊन माहिती घेऊन गेला, असं तिथे झालं नाही. ते आठवलं आणि मी मुलांना म्हटलं, प्रदर्शन राहू द्या. ज्यांनी माहिती दिली, त्यांना हा तक्ता आधी वाचून दाखवू.

शेवटच्या वस्तीतल्या समाजमंदिरासमोर संध्याकाळी बसलो. बायका वावरातून परतल्या होत्या. एका मुलीने तक्ता वाचला. पाणी भरायला लागणारा सरासरी वेळ तिने सांगितला, तशी मागे बसलेली एक म्हातारी उठली.

"कोणाले विचारलं तुमी हे? मी पहाटं चार वाजता भरतो पाणी. माया नवऱ्याले काय मालूम, तो तं झोपून राह्यते. तुमच्या वहीत मी कशी येईन?"

सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. नळाचं पाणी पुरत नाही म्हणून उरलेले दोन दिवस हापशीवरून आणावं लागतं. हापशी आटली की वावरातल्या विहिरीवर जावं लागतं. यातलं काहीही आमच्या तक्त्यात नव्हतं. मुलं गांगरली. वाचणारी मुलगी रडवेली झाली. मी त्यांना एवढंच म्हटलं, तक्ता फाडू नका, दुरुस्त करू.

पण कसा? पहाटे चारला मुलांना हापशीवर उभं करणं शक्य नव्हतं. त्या म्हातारीनेच वाट काढली. तिला लिहिता येत नव्हतं. ती म्हणाली, "चिंचोके द्या मले. एक गुंड आणला का एक चिंचोका डब्यात टाकीन."

दुसऱ्या दिवशी मुलांनी घरोघरून चिंचोके आणले, रिकामे डबे जमवले आणि ज्या बायका तयार झाल्या त्यांना वाटले. डब्यावर नाव लिहायचं नाही, फक्त खूण करायची. कुणाच्या घरची गोष्ट चावडीवर जाणार नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. आठ दिवस चिंचोके पडत राहिले. मग त्या बायका आणि मुलं समाजमंदिराच्या ओट्यावर बसली आणि डबे एकेक करून ओतले. बोटाने सरकवत, पाच-पाचचे ढीग लावत चिंचोके मोजले. वहीत मुलांनी लिहिलं खरं, पण मोजणी बायकांची होती.

उशिरा येणाऱ्या त्या मुलीच्या घरचा डबाही त्यात होता. हापशीच्या दिवसाला बारा चिंचोके. शाळेच्या वजनकाट्यावर मुलांनी आधीच पाहिलं होतं, भरलेल्या गुंडात पंधरा लिटर पाणी मावतं. फळ्यावर गणित मांडलं. बारा गुणिले पंधरा, 180 लिटर. घरात सहा माणसं, म्हणजे माणशी 30 लिटर. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी 55 लिटरचं. वर्गात कुणीतरी म्हणालं, "म्हणजे निम्म्यापेक्षा थोडंच जास्त." ती मुलगी मात्र वेगळंच गणित करत होती. एका लिटरचं एक किलो. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माही माय अन् मी मिळून एका दिवसात 180 किलो उचलतो." वर्ग शांत झाला. हा आकडा कुठल्याही पुस्तकात नव्हता. तिचा स्वतःचा होता.

त्या दिवसापासून मी हजेरीपटात उशिराच्या खुणेपुढे कारण लिहायला लागले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती टाळली तर हे लेखन अपुरं राहील. लाइनचं शेवटचं टोक कुठल्या वस्तीत आहे, हे नकाशावर पाहिल्यावर मुलांना कळलं. आमच्या वर्गातली काही मुलं त्या वस्तीत याआधी कधी गेलेली नव्हती. पंधरा मिनिटांच्या अंतरावरचं घर त्यांना अनोळखी होतं. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. महाराष्ट्राला नागरिकत्वाचा धडा पाण्याच्या काठावर मिळालेला आहे. हे मी वर्गात दरवर्षी शिकवलेलं ऐकते. त्या महिन्यात आमची मुलं त्या वस्तीतल्या ओट्यांवर बसली, तिथलं पाणी प्यायली, तिथल्या बायकांसोबत चिंचोके मोजले. त्यावर मी काहीच भाषण केलं नाही. त्याची गरज नव्हती.

26 जानेवारीची ग्रामसभा जवळ आली. तिच्याआधी महिला ग्रामसभा असते, असा नियम आहे. मुलं मतदार नाहीत, ग्रामसभेत त्यांचं मत धरलं जात नाही. म्हणून कोण बोलणार, यावर वर्गात मोठी चर्चा झाली. काहींना वाटत होतं, आपण अभ्यास केला, आपणच बोलायचं. शेवटी एका मुलाने तोडगा सुचवला. माहिती ज्यांची, बोलतील ते. आपण नकाशा धरू.

तसंच झालं. महिला ग्रामसभेत आणि नंतर ग्रामसभेत त्या म्हातारीने आपला डबा टेबलावर ठेवला आणि आपलं म्हणणं मांडलं. दोन मुलांनी नकाशा धरला, एकीने ओटी टेस्टच्या नोंदी वाचल्या. एका वडीलधाऱ्या माणसाने विचारलं, "आता पोट्टे आमाले गाव चालवायले शिकवतीन काय?" त्यावर जलसुरक्षक उठला आणि म्हणाला, "भाऊ, त्यायनं लिहिलं ते खरं हाये. मी रोज पाहतो." एवढं पुरलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, हे मुलांनी शोधून ठेवलं होतं. त्यामुळे "पैसा कुठून आणायचा" या प्रश्नाला उत्तर तयार होतं.

व्हॉल्वच्या खड्ड्यातली गळती पुढच्या महिन्यात दुरुस्त झाली. पाइप नालीपासून दूर नेण्याचं काम गावाच्या विकास आराखड्यात धरलं गेलं. नळ अजूनही तिसऱ्या दिवशीच येतो. मुलांच्या एका अभ्यासाने गावाचा पाणीप्रश्न सुटतो, असं मी कुणाला सांगणार नाही. ते खरं नाही आणि मुलांना तसं सांगणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

मग मुलांना काय मिळालं? तो मसुदा फाडणारा मुलगा आता कुठल्याही गोष्टीवर आधी विचारतो, "मोजलं काय?" ती मुलगी ग्रामसभेत जाऊन आली. अठरा वर्षांची झाल्यावर ग्रामसभेचं दार तिला परकं वाटणार नाही. आणि सगळ्यांना एक गोष्ट कळली. माणसांकडून माहिती घेतली की ती त्यांना परत वाचून दाखवावी लागते. त्यांनी दुरुस्त केली, की मगच ती खरी होते. आम्ही पहिला तक्ता प्रदर्शनात नेला असता, तर कदाचित बक्षीसही मिळालं असतं, आणि गावातल्या बायका त्यात नसत्या.

शिक्षक मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. यंदाच्या प्रकल्पासाठी चित्रं आणायला मुलांना दुकानात पाठवू नका. त्यांना एक प्रश्न विचारू द्या, तो त्यांच्या घरातून आलेला असू द्या. त्यांना मोजू द्या. आणि मोजून झालं की ते ज्यांच्याकडून आणलं, त्यांच्या ओट्यावर जाऊन वाचायला लावा. गुण द्यायचे तर त्या वाचनाला द्या.

ती मुलं आता मंगरूळपीरला अकरावीत आहेत. ओटीची बाटली, नळ्या आणि नोंदवही त्यांनी नववीच्या नव्या वर्गाच्या हवाली केली आहे. शेवटच्या नळाचं पाणी पिवळं झालं की नाही, हे दर सोमवारी नववीच्या फळ्यावर लिहिलं जातं. आणि त्याच संध्याकाळी, पाणी भरणाऱ्या बायकांना, ते वस्तीत जाऊन सांगितलं जातं.